मोशीचा सत्तेचाळीस नंबरचा फॉर्म

लोकांना काय वाटतं हे विचारण्याचा मला पगार मिळतो. घरातल्यांना काय वाटतं ते न विचारताच कळतं, असा माझा समज होता. माझ्या नवऱ्याचा तर तो जन्मापासूनच आहे.

साल एकोणीसशे ऐंशी. पुण्यातल्या एका जनमत-पाहणी संस्थेसाठी मी पिंपरीपासून चाकणपर्यंतची घरं आठ वर्षं पायाखाली घालत होते. फॉर्मवर एकतीस प्रश्न, प्रत्येकापुढे तीन चौकोन : होय, नाही, सांगता येत नाही. आमचे सुपरवायझर यशवंतराव महिन्यातून एकदा पुण्याहून यायचे, पिंपरी स्टेशनसमोर चहा घ्यायचे आणि मला ग्रामीण मन समजावून सांगायचे. ते त्यांना बहुधा स्टेशनच्या पुलावरून दिसत असावं. त्यांचे नियम दोन. उत्तर ऐकताना चेहरा हलवायचा नाही. आणि फॉर्ममधलं अक्षरही बाहेर काढायचं नाही, अगदी नवऱ्यापाशीसुद्धा. त्यावर माझी सही घेतलेली. नवऱ्यानं आठ वर्षांत माझ्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारला होता, "आज उशीर का?" त्यामुळे हा दुसरा नियम पाळणं मला फारसं जड गेलं नाही.

नवरा, साहेबराव, चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर. त्याची पहिली शिफ्ट असली की डबा पहाटे, दुसरी असली की दुपारी. त्या दोन डब्यांच्या मधे जो काही वेळ उरायचा त्यात मी महाराष्ट्राचं मत गोळा करायची. मांडीवर मेथीची पिशवी घेऊन बसमधे एकोणिसावा प्रश्न घोकायची : 'आपल्या मते स्त्रीला घर व नोकरी दोन्ही नीट सांभाळता येते का?' त्याला बहुतेकांनी 'होय' म्हटलं होतं. म्हणणारे बहुतेक पुरुष होते, आणि ते बसून बोलत होते.

आमची एकुलती एक यशोधरा एकोणीस वर्षांची. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, अजून टेम्पररी. दिवाळीनंतर पर्मनंट करू असं तिथल्या मॅनेजरांनी सांगितलेलं. ती संध्याकाळी घरी आली की चहा प्यायची आणि माझे फॉर्म पुढ्यात ओढायची. उत्तरं वाचायची आणि वहीत रेघा मारायची, चार उभ्या आणि पाचवी तिरकी. कधी एक रेघ चुकली नाही. यशवंतराव मला म्हणायचे, "कस्तुराबाई, तुमची मोजणी फार स्वच्छ असते हं." मी मान खाली घालून कौतुक घ्यायची. मुलीला दाखवणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे, असं मी माझं मीच ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी गणपतीच्या सुमाराला साहेबरावच्या कारखान्यातले अर्जुनराव स्थळ घेऊन आले. मुलगा विलास, चाकण रोडच्या एका कंपनीत टर्नर, पर्मनंट, स्कूटरसाठी नंबर लावलेला. वडील नाहीत, आई आहे. घर मोशीला, विहाराच्या मागं.

"आणि पोरीच्या नोकरीला त्यांची ना नाही बरं का," अर्जुनराव म्हणाले.

साहेबरावनं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही हे स्थळ त्यानं स्वतः लेथवर घडवलंय.

यशोधरा दारात तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "मोशीला? विहाराच्या मागं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात बघायला लागली.

तिचं 'बरं' मी 'होय'च्या चौकोनात टाकलं आणि मोकळी झाले. परक्या घरात मी असं कधी केलं नसतं. तिथं 'बरं म्हणजे नक्की काय?' हे विचारायचं असतं, तसं प्रशिक्षणात शिकवलेलं आहे.

आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. गुरुवारी चार वाजता पाहुणे आले. पुढे अर्जुनराव, मागे विलास, कडक इस्त्रीतला, आणि त्याच्या मागे त्याची आई, दुर्गाबाई. "जय भीम" म्हणून तिनं चप्पल काढली आणि मी तिला ओळखलं. या बाईच्या ओट्यावर तीन आठवड्यांपूर्वी मी अर्धा तास बसले होते.

मोशीत मी आठवड्यात साठ घरं केली होती. पत्ते सगळे सारखेच, त्यामुळे अर्जुनरावांनी सांगितलं तेव्हा डोक्यात काही पेटलं नाही. पण बाई लक्षात होती. बाविसावा प्रश्न : 'सुनेने लग्नानंतर नोकरी करावी का?' त्यावर ती मोकळेपणी म्हणाली होती, "आणताना नोकरीवालीच आणायची. नातू झाला का घरी बशिवायची. म्हशी कुणी बगायच्या? पन हे आदी बोलायचं न्हाई, न्हाईतर पोरी येत न्हाईत." मी 'नाही'वर खूण केली, बाकीचं समासात लिहिलं आणि चेहरा हलवला नाही.

तिनं मला ओळखलं नाही. उत्तर देणारी माणसं विचारणाऱ्याच्या पेनाकडे बघतात, तोंडाकडे कोण बघतो?

पोहे झाले, चहा आला. साहेबरावनं नोकरीचा विषय काढला, आणि दुर्गाबाई बशीतला चहा फुंकत म्हणाली, "आमची काय बी ना न्हाई. करू द्या की खुशाल."

यशोधरा भिंतीला टेकून ट्रे धरून उभी होती. मला राग आला आणि भीतीही वाटली. राग दुर्गाबाईचा. भीती कशाची, ते सांगायला लाज वाटते. मला पोरीच्या आधी माझी सही आठवली. फॉर्ममधलं बाहेर बोलले असं यशवंतरावांच्या कानावर गेलं तर काम जाईल, आणि कस्तुराबाईला सांगितलेलं गावभर होतं म्हणून मोशीत पुन्हा कोणी दार उघडणार नाही. साहेबरावला आत बोलावून सांगावं, तर तो म्हणणार, बायका काहीतरी बोलतात. मग मी एक शहाणपण केलं. सांगायचं नाही ना? मग विचारायला काय हरकत आहे?

"दुर्गाबाई," मी म्हटलं, "आपल्या मते सुनेने लग्नानंतर नोकरी करावी का?"

मला माझाच आवाज ऐकू आला. तो घरातला नव्हता, फॉर्मचा होता.

दुर्गाबाईची बशी तोंडापाशी थांबली. "थांबा जरा," ती म्हणाली. "आता ह्याच्या म्होरं तुमी टीव्हीचं इचारनार."

"टीव्हीचं काय?" साहेबराव म्हणाला. फॉर्मवरचा तेविसावा प्रश्न टीव्हीचाच होता.

तिनं मला नीट न्याहाळलं. "व्हय, तुमीच त्या. छत्री इसरून गेल्ता आमच्याकडं. हाय घरात, धाडून देते."

"म्हणजे ओळखीचंच निघालं की," अर्जुनराव हसून म्हणाले. त्यांच्याशिवाय कोणी हसलं नाही.

मला वाटलं बाई ओशाळेल. ती कसली ओशाळते. तिनं बशी खाली ठेवली. "तवा खरं बोलले. परक्या बाईला खरं सांगाया काय जातंय? हितं सोयरीक करायची हाय, हितं कसं बोलनार?"

"मग आता काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"म्हशी हायत त्या हायतच." मग तिनं भिंतीकडे बोट केलं. "आन् तुमी एवढ्या गावाला इचारत फिरता, तर ह्या पोरीला इचारलं का कायी?"

"तिला काय विचारायचं?" साहेबराव म्हणाला. "आमच्या शब्दाबाहेर नाही ती."

मी पोह्यांच्या बश्या गोळा करायला लागले. यशोधरानं ट्रे स्टुलावर ठेवला.

"मी नोकरी सोडणार नाही," ती म्हणाली. "आत्ता नाही, नातू झाल्यावर नाही." मग विलासकडे वळून तिनं सरळ विचारलं, "तुमचं काय मत आहे?"

विलासनं आईकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "आई म्हणेल तसं," तो म्हणाला. आठ वर्षांच्या अनुभवानं सांगते, हे उत्तर तिसऱ्या चौकोनात जातं.

"कळवतो," म्हणून पाहुणे उठले. साहेबराव त्यांना बसस्टॉपवर सोडून आला आणि चप्पल न काढताच बोलायला लागला. माझ्या फॉर्मांपायी हातचं स्थळ गेलं, गावभर नको ते विचारत हिंडायची सवय मी घरात आणली, आता अर्जुनरावला कारखान्यात तोंड कसं दाखवायचं. तोंड दाखवायची चिंता त्यालाच होती. पोरगी काय म्हणाली त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मग पान खायला म्हणून पुन्हा बाहेर पडला.

मी आत गेले. यशोधरा मोरीत कपबश्या विसळत होती.

"सत्तेचाळीस नंबर," ती मागे न बघता म्हणाली.

"कसला?"

"फॉर्म. मोशी, विहाराच्या मागं, दोन म्हशी, मुलगा एकच, कंपनीत. समासात तूच लिहिलं होतंस, पोरी येत नाहीत म्हणून आधी बोलायचं नाही. 'नाही'ची रेघ मी मारली. अर्जुनकाकांनी पत्ता सांगितला तेव्हाच माझ्या लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू बोलतेस का बघत होते."

"मी विचारलं ना सगळ्यांसमोर."

"त्यांना विचारलंस," ती म्हणाली आणि बशी पालथी घातली.

सहीचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण जे फॉर्म मी कोणाला दाखवायचे नव्हते ते रोज संध्याकाळी हिच्याकडूनच मोजून घेत होते, तिला मी कुठल्या तोंडानं सही सांगणार? मी पाट ओढून तिच्याजवळ बसले.

"यशो, तुझं काय मत आहे?"

"कशाबद्दल?"

लग्नाबद्दल, म्हणावं, तर ते ती सांगून मोकळी झाली होती. नोकरीबद्दलही. मग कशाबद्दल? यशवंतरावांचे एकतीस प्रश्न मला पाठ होते, मी एकेक करून आठवून पाहिले. त्यातला एकही तिला विचारण्याजोगा नव्हता, आणि माझा स्वतःचा असा प्रश्न मी कधी केलाच नव्हता.

ओले हात तसेच धरून यशोधरा माझ्याकडे बघत थांबली होती. तिचा चेहरा जराही हलत नव्हता. तेवढं ती माझ्याकडून शिकली होती.