रगड्यातल्या गुंड्याची ऊब

मित्रांनो, मी रगड्यातला एक जुना गुंडा आहे. आंबोळ्यांचं पीठ वाटताना रगड्याच्या खळग्यात गरगर फिरतो ना, तोच अंड्याच्या आकाराचा काळा दगड. दगडाला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्याइतका भित्रा दगड साऱ्या रत्नागिरीत सापडायचा नाही.

माझा जन्म पालीच्या बाजारात झाला. घाटावरून आलेल्या पाथरवटानं एका पाषाणाचे दोन तुकडे केले. एक ठोकून ठोकून पसरट केला, तो पाटा. दुसरा घासून घासून गोल केला, तो मी. वजनाला आम्ही सारखेच. छिन्नीचा घाव बसला की माझा जीव नुसता लटलट कापायचा. खाडीकाठच्या भाट्ये गावातल्या शिवा खारव्यानं आम्हा दोघांना घरी नेलं आणि त्याची विधवा बहीण राही माझी मालकीण झाली. तिचा हात जड आणि जीभ तिखट. पण वाटण झालं की ती मला धुऊन-पुसून ठेवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "असा गुंडा नाय कुणाकडं." मी फुशारून जायचो.

मग एकोणीसशे सव्वीस सालचा आषाढ आला. शिवाची बायको गुणवंती दिवस भरायच्या आधीच, सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. ती धड रडलीही नाही. तिच्या तळपायांना हात लावताच सुईण गंगुबाईचा चेहरा उतरला.

"थंड पडत चाललीय गो. ऊब नाय मिळाली तर..."

डॉक्टर खाडीपलीकडे. खाडीला उधाण, पलीकडे नेणारी तरीची होडी बंद. उधाण उतरायची वाट बघत शिवा पावसात किनाऱ्यावर जाऊन बसला. खोलीत शेगडी ठेवावी तर लाकडं ओली, धुरानं पोर गुदमरायची. गुणवंती स्वतःच हुडहुडत होती. शेवटी गंगुबाईनं दगड तापवून गोधडीत गुंडाळायला सांगितला.

"पाटा घ्या. पसरट हाय, सगळ्या अंगाला शेक लागंल."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं आणि मनातून हायसं वाटलं. आगीत जायची पाळी माझ्यावर आली नव्हती ना!

पाटा तापून आला. पण गंगुबाईचं पान चघळून होईतो तो गार. पुन्हा चुलीवर, पुन्हा गार. पोरीचे ओठ निळे पडू लागले. गुणवंती भिंतीकडे तोंड करून रडत होती. मग राहीनं पाट्याबरोबर मलाही चुलीत लोटलं. पोटात ओल मुरलेली असली की दगड आगीत फुटतो, हे मला ठाऊक होतं. माझ्या कडेला बारीकसा तडा गेला. तो आवाज मी एकट्यानंच ऐकला आणि आता आपण उरत नाही, असं मला वाटलं.

राहीनं आम्हा दोघांना एकदमच बाहेर काढून ठेवलं. दमट झालेली गोधडी सुकवून ती परत आली, तोवर पाटा कोमट झालेला. त्याच हिशेबानं तिनं मला उचलायला हात घातला आणि किंचाळली.

"आई गं! वैनी, ह्याला बगा! पाटा निवला नि हा अजून भाजतो!"

मित्रांनो, यात जादू नव्हती. तापलेल्या वस्तूची उष्णता तिच्या कातडीतून चहूकडे बाहेर पडत असते. चुलीला हात न लावताही तिची धग लागते ना, तशी. पाट्याला पोट असं नाहीच, जिकडे बघावं तिकडे कातडी. माझं पोट मोठं आणि कातडी थोडी. आतली ऊब बाहेर पडायला मला वाटच कमी.

राहीनं मला गुंडाळून पोरीशेजारी ठेवलं, आणि माझी पुन्हा गाळण उडाली. गोल अंगाला थारा कुठला? गडगडलो तर त्या इवल्या जिवाचं काय होईल?

"अगो, घरंगळंल तो!" गुणवंती ओरडली.

डोक्यावर कळशी घ्यायची चुंबळ राहीनं आणली आणि तिच्यात मला घट्ट बसवलं. मग तिची नजर पोरीवर गेली. गंगुबाईनं तिला हातपाय लांब करून सरळ निजवलं होतं.

"पोरीचा पाटा कशाला केलात? गुंडा करा तिचा!" असं म्हणत राहीनं तिचे हातपाय पोटाशी दुमडले, मुटकुळं केलं आणि माझ्या नि गुणवंतीच्या मधे ठेवलं.

दिवसभर राही मला तापवत राहिली. पुढं रात्री कधीतरी बसल्याजागी तिचा डोळा लागला. आणि उजाडायच्या सुमारास मी गार पडलो. दगडाला तोंड असतं तर मी टाहो फोडला असता. चूल विझलेली, सगळी झोपलेली, पोर हलत नव्हती. माझ्यामुळं ती गेली, असंच मी धरून चाललो. तेवढ्यात मला जाणवलं, माझ्या एका अंगाला ऊब लागतेय. मी घाबरून नीट पाहिलं. ती ऊब पोरीच्या अंगाची होती.

ओहोटीबरोबर शिवा डॉक्टरला घेऊन आला. ती पोर, विमला, आता बारा वर्षांची आहे. माझ्या तड्यातून पिठात कच पडते, म्हणून मी पागोळ्यांखाली पडून असतो. कुणी उचलून कुंपणाच्या दगडी गडग्यात घालील, अशी भीती वाटतेच.

पण मित्रांनो, कुणी गारठलेला दिसला तर त्याला एकटा पसरून पडू देऊ नका. पोटाशी धरा, घट्ट. आणि आपली ऊब संपली असं वाटलं, तरी त्याला सोडू नका.