दाराच्या डावीकडे बारा पावलं

आमच्या धंद्याची एक खोड आहे. छावणी दर तीन दिवसांनी हलते, पण पाहुण्याला ती हलल्यासारखी वाटता कामा नये. सकाळी पाहुणे वाटाड्याबरोबर जंगलातली जनावरं बघायला गाडीतून निघाले की आम्ही तंबू उपटतो, ट्रकवर लादतो आणि सरळ वाटेनं पुढे जातो. ते लांबच्या वाटेनं फिरून येईपर्यंत नव्या जागी सगळं पुन्हा उभं. पुस्तक पालथं ठेवलं असेल तर पालथंच, चपला ज्या कोनात काढल्या त्याच कोनात. संडासाचा खड्डासुद्धा ठरलेला: तंबूच्या दारातून बाहेर या, डावीकडे वळा, बारा पावलं. एकोणीस वर्षं मी, ओलेबिले, हेच करत आलोय. कौतुक कुणी करत नाही. नीट झालेलं काम दिसतंच कुणाला?

त्या ऑगस्टात चार जर्मन होते आणि सेरोवे गावचं एक म्हातारं जोडपं, रा मोगापी आणि म्मा मोगापी; आमच्याकडे मोठ्या माणसाला मानानं रा म्हणतात, बाईला म्मा. आपल्याच देशातले पाहुणे आमच्याकडे क्वचित येतात. आमची स्वयंपाकीण केबोन्ये म्हणाली, "बघ रे, परसातला मका खाऊन जातात तेच हत्ती बघायला इतक्या लांब आलेत!" रा मोगापी जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, उंच, जंगलातही इस्त्रीचा शर्ट. म्मा शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या नुसत्या बघण्यानं जर्मनसुद्धा जेवणाआधी हात धुवायला लागले.

मोरेमीच्या पहिल्या मुक्कामात मला शंका आली. रा मोगापींनी एका सकाळीत मला तीनदा माझं गाव विचारलं. तिन्ही वेळा मी शोरोबे म्हणालो आणि तिन्ही वेळा ते खूश होऊन म्हणाले, "शोरोबे? तिथे मी मोजणीची साखळी घेऊन हिंडलोय!" संडासाला जातानाही म्मा त्यांचा कोपर धरून न्यायच्या. ते आपले तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत चालायचे.

मी पाणी तापवत होतो तिथे म्मा आल्या.

"तुझ्या लक्षात आलंय ना?"

"कशाचं, म्मा?"

"सोंग करू नकोस. चाळीस वर्षं पोरांची खोटी तोंडं वाचलीत मी." त्या विस्तवाकडे बघत राहिल्या. "त्या वाटाड्याला, गाओलाथेला सांगू नकोस. फॉर्मवर मी तब्येत उत्तम म्हणून लिहिलंय. कळलं तर परत पाठवतील."

"मी तंबू ठोकणारा माणूस. पाहुण्यांच्या डोक्यात काय चाललंय ते माझं काम नाही."

"डॉक्टर म्हणतात, जुनं हळूहळू जाईल आणि नवं काही आत शिरणार नाही. लेसेगो, आमची मुलगी, म्हणाली, आई, आता कशाला नेतेस? पण मला बघायचंय. एक तरी नवी गोष्ट त्यांच्यात राहते का. हत्ती म्हण, झाड म्हण, तुझं नाव म्हण. एकच."

मी मान हलवली आणि बादली उचलली. मला बाईंची दया आली होती, पण दयेनं पाणी तापत नाही.

मोरेमीनंतर ख्वाई झालं. रोज संध्याकाळी म्मा विचारायच्या, "आज काय पाहिलं, लेसेगोचे बाबा?" ते गोड हसायचे आणि म्हणायचे, "तू सांग."

तिसरा मुक्काम सावुतीचा. तिथे आमच्या जागेसमोर मोगोत्लोचं मोठं काटेरी झाड आहे. ऑगस्टात त्याच्या शेंगा वाळूत पडतात आणि हत्ती त्या वेचायला येतात. त्यांची वाट नेहमीच्या दारांसमोरूनच जात होती. म्हणून मी सगळे तंबू उलटे लावले, दारं चुलीकडे. दारं फिरल्यावर डावीकडचा खड्डा हत्तींची वाट वळते तिथे, तिच्यावरच आला असता, तो उजवीकडे खणला. गाओलाथे तरणा पण शिस्तीचा. त्यानं जेवताना सगळ्यांना बजावलं, "इथे संडास उजवीकडे हं!" म्मांनी मान हलवली. रा मोगापींनीही हलवली. मला त्यांची आठवण झाली होती, नाही असं नाही. पण मी म्हटलं, म्मा धरून नेतातच की. आळशी माणसाचं गणित असंच सुटतं.

जेवणानंतर उन्हात सगळे आडवे झाले. तीनच्या सुमाराला म्मा अनवाणी बाहेर आल्या.

"लेसेगोचे बाबा कुठायत?"

गाओलाथे भांडी विसळणाऱ्या केबोन्येला "इथेच थांब" म्हणाला आणि त्यानं मला खुणेनं आपल्या मागे घेतलं. बंदूक आम्ही बाळगत नाही. वाळूत कॅनव्हासच्या बुटांचे ठसे स्पष्ट होते. दारातून बाहेर, डावीकडे, मग एका जागी दोन्ही पावलं जुळलेली. तिथे ते बराच वेळ घुटमळलेले. तिथून पुढे ठसे हत्तींच्या वाटेनं गेले होते आणि दोन ठिकाणी त्यांच्यावर परातीएवढा गोल ठसा उमटला होता.

पाव तासानं ते सापडले. पडलेल्या खोडावर बसले होते, टोपी मांडीवर. चाळीस पावलांवर तीन हत्तिणी आणि एक पिल्लू शेंगा चघळत होतं. गाओलाथे वाऱ्याचा अंदाज घेत हळूच गेला, "चला, रा," म्हणाला आणि दंड धरून त्यांना घेऊन आला. त्यांची पँट ओली झाली होती.

छावणीच्या कडेला म्मा उभ्या होत्या. त्यांचा धीर सुटला. जर्मन बघताहेत, आम्ही बघतोय, कशाचंही भान राहिलं नाही.

"उजवीकडे म्हणून सांगितलं होतं ना? बालवाडीतल्या पोराला कळतं! एवढंही राहत नाही डोक्यात?"

रा मोगापी छडी खाल्लेल्या मुलासारखे खाली मान घालून उभे राहिले.

उन्हं कलल्यावर गाओलाथेनं वायरलेसवरून कळवलं. त्या दोघांना परत न्यायला विमान उद्या सकाळी नऊला. तो म्मांसमोर येऊन बसला.

"म्मा, तुम्ही माझ्या आईसारख्या. पण फॉर्मवर खोटं लिहिलंत. आज मला त्यांना चादरीत गुंडाळून आणावं लागलं असतं, मग?"

"तुझं बरोबर आहे," म्मा म्हणाल्या. "आणि डॉक्टरांचंही. त्यांच्यात आता काही राहत नाही. उगाच आणलं मी." त्यांचा आवाज सपाट होता. मी इतकी हरलेली बाई दुसरी पाहिलेली नाही.

मी सुपाचे वाडगे मांडत होतो. तोंड उघडलं तर मला मोरेमीपासून माहीत होतं हे गाओलाथेला कळणार होतं. मी शूर माणूस नाही. पण वाडगे मांडून झाले होते आणि हाताला दुसरं काम नव्हतं.

"म्मा, त्यांचं चुकलं नाही," मी म्हणालो. "जरा इकडे या."

अजून उजेड होता. मी त्यांना तंबूच्या दारापाशी नेलं. "मोजा."

त्या ठशांच्या शेजारून चालल्या. पावलं जुळली होती तिथे थांबल्या.

"बारा."

"इथे बुटांची टोकं खोल दाबलीत बघा. हात पुढे करून संडासाच्या कापडी आडोशाची चेन शोधत होते. मोरेमीला आणि ख्वाईला खड्डा बरोब्बर इथेच असायचा. ते पुटपुटायचे ना, ते पावलं मोजायचे. आज एकटे निघाले आणि नेमक्या जागेवर आले. तंबू मी फिरवला होता, म्मा. त्यांच्याविषयी माहीत असून फिरवला."

गाओलाथेनं माझ्याकडे पाहिलं. "आपण उद्या बोलू," तो म्हणाला. त्या उद्याचा अर्थ मला कळत होता.

म्मांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या वाळूत बसल्या, एका ठशाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि रडल्या. मग उठून तंबूत गेल्या. कापड पातळ असतं. चुलीपर्यंत सगळं ऐकू येतं.

"लेसेगोचे बाबा, माझं चुकलं. मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले."

"कधी?"

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. मोरेमी, ख्वाई, दार, डावीकडे बारा पावलं, तंबू फिरवणारा माणूस, हत्तींची वाट. मध्ये कुठेही घाई केली नाही. रा मोगापींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग त्या म्हाताऱ्याचं बरोबरच होतं की," ते म्हणाले. "त्याची बायको उगाच बोलली त्याला."