खळ्यावरचा लाभ

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. आकड्यांतला पहिला, म्हणजे खुद्द एक. कोणत्याही संख्येला माझ्याने गुणा, ती होती तशीच राहते. भागा, बाकी उरत नाही. तरी मूळ संख्यांच्या पंगतीत मला पाट नाही, आणि संयुक्त संख्याही मला आपल्यात घेत नाहीत. असो! लोकांनी मात्र माझे फार लाड केले. आहेराच्या दहावर मला ठेवलं की अकरा होतात आणि आहेर शुभ होतो. बारामती-इंदापूरच्या खळ्यांवर तर धान्य मोजताना मला साध्या नावाने हाकही मारत नसत. पहिल्या पायलीला म्हणायचं 'लाभ', मग दोन, तीन. एवढा मान दिला त्या माणसांनी, त्यांचे उपकार मी कसे विसरेन?

पण त्याच मानापायी एकदा अनर्थ होणार होता. साल एकोणीसशे चौतीस. नीरेच्या कालव्याखाली सावळाराम आणि त्याची भावजय द्वारकाबाई यांचं सामाईक शेत होतं. शाळूची रास सावळारामने संध्याकाळी मोजली, ती बत्तीस पायल्या भरली. रात्री राखणीला भिमा होता, नेहमीचाच.

सकाळी वाटणी झाली. द्वारकाबाईच्या सोळा पायल्या सावळारामच्या नव्या सुनेने, विजयमालाने मोजल्या. पोर पुण्यात वाढलेली, खळं पहिल्यांदाच बघत होती. मग सावळाराम आपला वाटा मोजायला बसला, तर पंधरावरच रास संपली.

"एक पायली गेली कुठं?" त्याने भिमाकडे पाहिलं. "राखणीला तूच हुतास न्हवं?"

"मालक, दान्याला हात लावला न्हाय म्या."

"उद्यापासनं खळ्यावर येऊ नगंस."

भिमाचं तोंड एवढंसं झालं. चोर म्हणून हाकललेल्या माणसाला पंचक्रोशीत खळं राखायला कोण देणार? मला वाचा असती तर मी ओरडलोच असतो.

तेवढ्यात विजयमाला पदर सावरत पुढे आली.

"मामंजी, चूक माझी आहे. सांगितल्याप्रमाणे पहिल्या पायलीला मी लाभ म्हटलं आणि दुसरीपासून एक, दोन मोजलं. मला वाटलं, लाभ म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचं."

"अगं बया! म्हंजी माज्याकडं सतरा आल्या?" द्वारकाबाईने कपाळावर हात मारला.

सासरी येऊन महिना झाला नाही तोच सगळ्यांदेखत चूक कबूल करायची, याला छाती लागते. त्या पोरीने माझी लाज राखली.

"पायली घावंल, मालक," भिमा म्हणाला, "पर मला चोर म्हनलात, त्याचं काय?"

सावळारामची मान खाली गेली. त्याने पायलीचं माप उचलून भिमाच्या हातात दिलं. "चुकलं माजं. आता तूच मोज. समद्यांम्होरं."

भिमा द्वारकाबाईच्या राशीजवळ बसला. "लाभ," तो मोठ्याने म्हणाला. सोळा पायल्या झाल्या, खाली एक उरली. ती त्याने काठोकाठ भरून सावळारामच्या राशीवर ओतली आणि डोळे पुसले.

मित्रांनो, धान्याची रास पुन्हा मोजायला एक घटका पुरते. कुणाला चोर म्हणण्याआधी तेवढी घटका काढत जा.