षष्ठीचे पान

वाढायला आलेल्या पूनमनी दुसरी बशी उचलण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा उद्धवरावांनी आपला तळहात अलगद त्या बशीवर ठेवला.

"रहने दीजिए," ते म्हणाले.

नारळीच्या झावळ्यांनी शाकारलेल्या त्या जेवणघरात गेले तीन दिवस त्यांच्यासमोर सगळे जोडीनेच येत होते. शहाळी दोन, पाण्याचे पेले दोन, पलंगावर टॉवेलाचे हंसही दोन, चोचीला चोच लावून बसलेले. नोंदणी दोघांची होती. दुसरा पाहुणा म्हणजे त्यांचा मुलगा आल्हाद. "बाबा, वर्षभर त्या घरात एकटे बसून आहात, आठ दिवस समुद्र पाहू," असे म्हणून त्यानेच हा बेत आखला होता. चेन्नईच्या विमानतळावर त्याला कचेरीतून फोन आला. वडिलांना अंदमानच्या विमानात बसवताना तो म्हणाला, "दोन दिवसांत मागोमाग येतो." आज चौथा दिवस उजाडला होता.

बाईंनी हात मागे घेतला, आणि त्या गडबडीत चमचा फरशीवर पडून खणखणला.

"अरे माय वो!"

उद्धवरावांनी मान वर केली. तीन दिवसांत प्रथमच त्यांनी त्या बाईंकडे नीट पाहिले. चाळिशी ओलांडलेली, वाळूच्या रंगाचा गणवेश, छातीवर नावाची पितळी पट्टी आणि गळ्यात काळ्या मण्यांचे साधे मंगळसूत्र.

"कुठल्या हो तुम्ही, बाई?"

चमचा उचलून त्या चटकन वळल्या.

"शेगावची. आन् तुम्ही?"

"चिखली. शाळेत संस्कृत शिकवत होतो."

"मंग तं घरचेच निघाले की, गुरुजी! आन् मी तीन दिवसांपासून तुमच्यापुढं हिंदी झाडून राह्यली!" चमचा पुसता पुसता त्या हसल्या. मग काचेपलीकडच्या समुद्राकडे पाहून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या प्रकट दिन. शेगावात आज पाय ठेवायले जागा नसन."

"हो. आज षष्ठी," उद्धवराव म्हणाले.

पहाटेपासून हा शब्द त्यांच्या मनात होता; तो प्रथमच दुसऱ्या माणसाच्या कानावर पडला.

गेल्या वर्षी याच माघ वद्य षष्ठीला, गजानन महाराजांच्या प्रकट दिनाच्या आदल्या दिवशी, त्यांच्या पत्नी स्नेहलताबाई गेल्या. मुलाने तारीख लक्षात ठेवली, वडिलांनी तिथी. तारीख होती एकोणीस फेब्रुवारी; यंदा तिथी तिच्या बारा दिवस आधीच येऊन उभी राहिली होती. आल्हाद भल्या बुद्धीने म्हणाला होता, "आईच्या दिवसाच्या आत आपण परत येऊ." उद्धवरावांनी पंचांग मिटून ठेवले. बेटावर गेल्यावर, दोघे शांत बसले असताना सांगू, असे त्यांनी ठरवले होते. म्हणून तर त्यांच्या पिशवीत तिचा कुंकवाचा करंडा होता आणि एक कोरा खण होता.

पहाटे ते पाण्याशी गेले होते. चिखलीत अजून अंधार असेल अशा वेळी इथे सूर्य हातभर वर आलेला होता. खारे पाणी त्यांच्या आयुष्यात एकच, लोणारच्या सरोवराचे; हे त्याहून निळे आणि कितीतरी उतावळे होते. त्यांनी ओंजळ भरली आणि संकल्प उच्चारू लागले. परार्ध, कल्प, मन्वंतर, युग, सारे ओळीने आले. मग स्थळ आले. पन्नास वर्षे जिभेवर असलेले 'गोदावरीच्या उत्तर तीरावर' हे शब्द ओठांपर्यंत येऊन थांबले. ते असत्य झाले असते. खरे काय म्हणावे ते सुचेना. तोवर ओंजळीतले पाणी बोटांच्या फटींतून गळून गेले होते.

नाश्ता आटोपून ते किनाऱ्यावरच्या बाकावर बसले होते, तेव्हा आल्हादचा फोन आला.

"बाबा, रागावू नका. इथलं काम काही आटपत नाही. मला नाही जमणार आता यायला."

"बरं."

"तुम्ही मात्र पूर्ण राहून या. मालिश वगैरे करून घ्या, सगळं त्यातच आहे. आणि एकोणीसला मी चिखलीला येतोच आहे आईच्या श्राद्धाला. भटजींना सांगून ठेवलंय."

"आल्हाद, आज..."

"आज काय, बाबा?"

एक लाट आली आणि त्यांच्या पावलांखालची वाळू ओढून घेऊन गेली.

"आज समुद्र शांत आहे," ते म्हणाले.

श्राद्धाचा अधिकार मुलाचा. तो ते यथासांग करील, याविषयी त्यांना शंका नव्हती. परंतु अहेव गेलेल्या बाईच्या तिथीला तिच्या नावाने एक सवाष्ण जेवली पाहिजे, हा त्यांच्या घराण्यातला आचार. त्यांच्या आईसाठी, आजीसाठी तो कधी चुकला नव्हता. दरवर्षी सवाष्ण सांगून येणे, स्वयंपाक करणे, वाढणे हे सारे स्नेहलताबाई करीत. आज त्यांचेच पान, आणि मांडणारे कोणी नाही. हे पान रिकामे जाता कामा नये. ते उठले आणि पुन्हा जेवणघराकडे निघाले.

पूनम रुमालांच्या घड्या घालीत होत्या. उद्धवरावांनी उभ्यानेच, विद्यार्थ्याने उत्तर म्हणावे तसे, सारे सांगितले आणि सवाष्ण म्हणून जेवायला याल का, असे विचारले. पूनमचा हात घडीवर थांबला आणि मग नकळत गळ्याशी गेला.

"गुरुजी, इथं बंगालची एक बाई हाये. मालक बागेत कामाले हायेत तिचे. तिले सांगू का?"

"तिची भाषा आमच्या घरी कशी कळेल?" उद्धवराव म्हणाले. "स्नेहलतेला अनोळखी माणसासमोर फार संकोच वाटे."

पूनमनी हातातल्या रुमालाची घडी पुरी केली.

"पन आमाले पाहुन्याच्या टेबलावर बसता येत नाई. नेमच हाये तसा."

"टेबलावर ना? जमिनीवर बसण्याविषयी काही लिहिले आहे का?"

त्यांना हसू आले. "तुम्ही तं वकीलच व्हाले पाहिजे होते. अडीचले सुटते मी घंटाभर. सैपाकाचं मी पाहते. काकूले काय आवडे?"

प्रश्न साधा होता. उद्धवराव घरची ताटे आठवू लागले. सत्तेचाळीस वर्षे स्वयंपाक त्यांच्या आवडीचा होत आला होता.

"खीर तिला आवडत नसे," शेवटी ते म्हणाले. "हे नक्की. 'मला नाही आवडत' म्हणून कधी घेतलीच नाही तिने. पण खीर करावी लागेल. तिथीला ती हवीच."

"आन् तुमाले?"

"मला?" ते किंचित ओशाळले. "मी खिरीचा भोक्ता."

अडीच वाजता कुटीच्या मागच्या पडवीत केळीची दोन पाने आणलेली होती. एक त्यांनी आडवे मांडले होते. दुसरे, स्वतःचे, गुंडाळून भिंतीशी ठेवले होते. पाटाऐवजी पंचाची चौपदरी घडी. रांगोळीला पीठ नव्हते म्हणून त्यांनी ओंजळभर पांढरी वाळू चिमटीने सोडून पानाभोवती रेघ ओढली होती. पूनमनी डबे उघडले: वरण, भात, भोपळ्याची भाजी, उडदाचे वडे आणि लहानशा पातेल्यात तांदळाची खीर. त्यांनी पाय धुतले आणि घडीजवळ येऊन उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

उद्धवरावांनी करंडा उघडला. वर्षभरात त्याचे झाकण कोणी काढले नव्हते. ते जरा घट्ट बसले होते. अनामिकेला कुंकू लावून त्यांनी हात पुढे केला, आणि पूनम एक पाऊल मागे सरल्या.

"नका लावू, गुरुजी."

"का?"

"मी सवाष्ण नाई." त्यांनी मंगळसूत्र मुठीत धरले होते. "सहा वर्सं झाले त्याहीले जाऊन. हे गळ्यात असलं म्हंजे बेटावर कोनी नजर टाकत नाई, म्हनून घालते. सकाळीच सांगाले पाहिजे होतं. तुम्ही काकूचं नाव घेतलं, आन् जीभच नाई उचलली." मग खाली पाहून म्हणाल्या, "मी त्या बंगालच्या बाईले बलावते. दहा मिन्टांत येते ते."

उद्धवरावांचे बोट तसेच वर राहिले होते. दुसऱ्यांच्या घरी श्राद्धे सांगताना आलेल्या ब्राह्मणांची गोत्रे त्यांनी विचारली होती, शाखा विचारल्या होत्या. एकाला तर नखे वाढली म्हणून त्यांनी दारातून परत पाठवले होते. आचार म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. डब्यातल्या भाताची वाफ वर चढत होती आणि समुद्राच्या वाऱ्याने मोडत होती. आपल्या कपाळावरचे गंध त्यांना एकाएकी जाणवले. तेही वर्षापूर्वीच एकटे झाले होते. पण ते गंध पुसायला त्यांना कोणी सांगितले नव्हते, की कुणाच्या मंगलकार्यातून कोणी मागे सारले नव्हते. उद्या ज्या महापुरुषाचा दिवस, तो पहिल्याने लोकांना दिसला तो उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचताना.

त्यांनी बोटाचे कुंकू करंड्याच्या कडेला निरपले आणि झाकण लावले.

"बसा," ते म्हणाले. "भात निवतो आहे."

"चालन काकूले?"

"ते तिला विचारायला मी जन्मभर चुकलो," उद्धवराव म्हणाले आणि वाढण्यासाठी वाकले.

त्यांना वाढता येत नव्हते. मीठ डावीकडे की उजवीकडे याचा त्यांनी विचार केला; वरण भातावर न पडता पानाबाहेर ओघळले. पूनमनी मान खाली घालून मुकाट्याने ते बोटाने आत ओढून घेतले. मग त्या जेवू लागल्या. प्रथम संकोचाने, मग भूक लागलेले माणूस जेवते तशा. उद्धवराव पंक्तीत यजमानाने करावा तसा आग्रह करीत राहिले.

"आणखी एक वडा."

"पुरे, गुरुजी."

"एकच. खीर घ्या. संकोच करू नका."

"मले उचलून न्या लागन आता इथून!"

तरी त्यांनी डावाने वाटी भरली, पुन्हा भरली. पूनमनी खिरीचा शेवटचा घोट घेतला, तेव्हा उद्धवराव त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"तृप्ताः स्थ?"

"काय म्हनलं, गुरुजी?"

"जेवणाऱ्याला विचारावे लागते. तृप्त झालात का? पोट भरले का?"

त्यांनी रिकामी वाटी पानावर ठेवली.

"हाव," त्या म्हणाल्या. "भरलं. दिवसभर आम्हीच विचारत राह्यतो लोकाईले, आनखी काई आनू का, बरं होतं का. आमाले कोनी विचारत नाई हो."

उद्धवरावांचे जोडलेले हात तसेच राहिले. हजारो पंक्तींत त्यांनी हा प्रश्न विचारला होता. खणखणीत, शुद्ध उच्चारात. आपल्या घरी, सगळे हात धुऊन उठल्यावर, चुलीशी पाठ करून बसलेल्या एका बाईच्या पानापर्यंत तो कधी गेला नव्हता.

पूनमनी हात धुतले आणि पदर नसलेल्या त्या गणवेशाच्या खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावला. खारा वारा लागला, असे म्हणाल्या.

"बसा आता तुम्ही. मी वाढते."

"नको. तुमची सुटी संपत आली. मी घेईन."

त्यांनी भिंतीशी ठेवलेले पान उलगडले. डब्यात उरलेला भात काढून घेतला. तो गार झाला होता, त्याची ढेकळे झाली होती. वरण तळाशी होते. पूनम डबे आवरण्यासाठी वाकल्या, त्यांनी पातेल्याचे झाकण काढले आणि त्या चपापल्या.

"हाय रे देवा! गुरुजी, तुमच्यासाठी खीर राह्यलीच नाई! सगळी मलेच वाढली तुम्ही. थांबा, मी खालून आनते."

"नको, नको," उद्धवराव घाईने म्हणाले. "मला खीर आवडत नाही."

पूनम आश्चर्याने त्यांच्याकडे पाहू लागल्या. सकाळचे शब्द त्यांना आठवत असावेत. पण उद्धवराव त्यांच्याकडे पाहत नव्हते. गार भाताचा पहिला घास त्यांच्या हातात तसाच होता, आणि कोणीतरी मागून हाक मारावी तशी त्यांची मान त्या दुसऱ्या, उष्ट्या पानाकडे हळूहळू वळत होती.