दारापाशी बोलत राहा

सोमलाला आता फक्त झोप हवी होती. विजेची लाईन रात्रीची, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला तो रात्रभर शेतात उभा होता. पहाटे पायावरचा चिखल धुतला न धुतला, तोच बायकोला, मोतीबाईला घेऊन मेडशीच्या फाट्यावर आला. एसटीत तरी डुलकी लागेल म्हणावं, तर बाईसाहेबांचं कोपर बरगडीत.

"आज राहू द्या नं. अमोशा झाल्यावर येऊ."

"मागच्या टायमाले पुनव हाय म्हनून परत फिरलो. त्याच्या आंधी मांजर आडवं गेलं. डाक्टरनं काय पंचांग पाहून सुरी धराव?"

दुखणं तसं मोठं नव्हतं. मोतीबाईच्या उजव्या दंडावर लिंबाएवढी चरबीची गाठ होती. वाशिमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जागा बधिर करून काढून टाकू, संध्याकाळी घरी जा. पण मेली गाठ आली होती नेमकी चुड्याखाली. बंजारा तांड्यातल्या जुन्या बायांसारखा मोतीबाईच्या दोन्ही दंडांत पांढऱ्या बांगड्यांचा चुडा होता, लग्नात चढवलेला. तो उतरतो एकदाच, नवरा गेल्यावर. चुडा घासला की गाठ सुजायची, बाई कण्हायची, पण चुड्याला हात लावू द्यायची नाही. सुरीचं भय तिला नव्हतंच. भय होतं सोमलाच्या मरणाचं, आणि आपल्या या मरणाचा आता खुद्द सोमलाला कंटाळा आला होता.

दवाखान्यात वैभवी सिस्टर साबण घेऊन आली. "मावशी, तेवढ्या बांगड्या काढून द्या."

मोतीबाईनं पलंगाची दांडी घट्ट धरली.

"एकाच हाताचा काढाचा हाय," सोमला म्हणाला. "दुसऱ्यात राह्यते नं."

"मंग तुमी अर्धेच जित्ते राहसान काय?"

सिस्टर हसली. सोमला हसला नाही. हसायलासुद्धा अंगात बळ लागतं. त्याला राग आला होता. याच बाईनं जन्मभर त्याला धड झोपू दिलं नव्हतं. घोरतो म्हणून कोपर, तरी घोरतो म्हणून लाथ, आणि घरी पाहुणे आले की याची खाट बैलांजवळ. त्या माणसाच्या जिवाची आज एवढी काळजी!

"गाठ पिकली त हात जाईन," तो चिडून बोलला. "मंग चुडा घालशीन कायच्यात?"

तिनं दांडी सोडली. म्हणाली, "तुमीच काढा. अन् दारापाशी बसून बोलत राहा. आवाज आला म्हंजे मी समजीन, हायेत. चूप झाले त तशीच उठून येईन, मंग हात उघडा असो नाईतं काई."

सोमलानं साबण लावून एकेक बांगडी कोपरावरून खाली ओढली. खालची कातडी लहान पोरीसारखी कोवळी निघाली. लग्नानंतर ती कोणी पाहिलीच नव्हती, त्यानंसुद्धा नाही. बांगड्या मांडीवरच्या रुमालात घेऊन तो दाराशी बाकावर बसला. डॉक्टरीणबाईंनी दार उघडंच ठेवलं आणि पडदा ओढला.

"हरभरा घाट्यावर आला," त्यानं सुरुवात केली. "बकरी गाभण हाय. आपला करण म्हने होळीले येतो. आयकून राह्यली नं?"

"हो. बोला."

किसनसिंगच्या पोरीची सोयरीक झाली, मोटारीचा पाइप फुटला, तुरीचं खळं झालं. एवढं तो जन्मात बोलला नव्हता. विषय संपले तसा तो पुन्हा हरभऱ्यावर आला. मागची भिंत गार होती. त्यानं जरा पाठ टेकली.

दचकून जागा झाला तेव्हा रुमाल रिकामा होता. बांगड्या फरशीवर पसरल्या होत्या, एक लोळत पार पडद्यापर्यंत गेली होती. आतून काही आवाज नाही. ती पांढरी बांगडी बघून सोमलाला चुडा उतरण्याचा अर्थ आठवला. आपण तर धडधाकट इथं बसलोय, मग काही झालं असेल ते तिलाच! तो अडखळत उठला. "मोते! ओ मोते!"

पडदा सरकला. दंडाला पट्टी बांधलेल्या मोतीबाईला धरून वैभवी बाहेर आली.

"डोया लागला वं," सोमला पुटपुटला. त्याला मान वर करवेना.

"काका, तुम्ही बोलत होता तोवर मावशी सारखी मान उचलून पाहत होती," वैभवी म्हणाली. "आम्हाला धड हातच लावू देईना. मग तुम्ही घोरायला लागलात. मी उठवायला निघाले, तर माझा हात धरला मावशीनं. म्हणाली, झोपू द्या. अन् स्वतः निवांत पडली."

मोतीबाई बाकावर टेकली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "बोलनं काय, मोबाईलातूनबी येते. असं घोरनं तुमच्याबिगर दुसऱ्या कोनाचं नाई."

सोमलानं खाली बसून बांगड्या वेचल्या, रुमालात बांधल्या आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

"गाडीले टाइम हाय अजून," ती म्हणाली. "झोपा थोडकसे."

त्यानं भिंतीला डोकं टेकलं. थोड्याच वेळात सगळा व्हरांडा मागं वळून पाहू लागला. मोतीबाईनं कोपर मारलं नाही.