सातव्या घरातला मंगळ

मी एक जुनी दगडी पाटी आहे. मित्रांनो, पाटी म्हटले की तुम्हाला मुळाक्षरे आठवतील, पाढे आठवतील. माझ्या नशिबी ते आले नाही. माझ्यावर लोकांच्या पत्रिका मांडल्या गेल्या. माणूस जन्मला त्या वेळी कोणता ग्रह कुठे होता, ते बारा घरांत लिहायचे, बघायचे, सुस्कारा सोडायचा आणि पुसून टाकायचे. पुन्हा दुसरा माणूस, पुन्हा तेच. आता माझे अंग झिजले आहे आणि खरे सांगायचे तर या सगळ्याचा मला शीण आला आहे. तरी विचारलेत म्हणून सांगते.

माझा जन्म खाणीतला. घण आणि करवतीच्या तावडीतून जे धड सुटते, त्याची पाटी होते. माझ्या कितीतरी बहिणी वाटेतच फुटल्या. मी आकाराने मोठी, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी, त्यामुळे दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत धूळ खात पडले होते. एक दिवस एक सुतार आला. त्याने मला बोटाने टकटक वाजवून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. घरी नेऊन त्याने मला सागवानी चौकट बसवली. मग पटाशीच्या टोकाने माझ्या अंगावर एक चौकोन कोरला, त्यात दोन तिरक्या रेघा, आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या आणखी चार. झाली बारा घरे. बायकोला दर वेळी रेघा ओढत बसावे लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मला दुखले, पण मनातून बरेही वाटले. इतक्या मायेने त्याआधी मला कुणी हात लावला नव्हता.

त्याची बायको नर्स होती. सगळी गल्ली तिला नर्सबाई म्हणे. प्रसूतिगृहात तिची उभी हयात गेली. बाळ रडले की बाकीचे बाळाकडे बघत आणि ही भिंतीवरच्या घड्याळाकडे, कारण जन्मवेळ टिपायचे काम तिचे. त्या वेळेचे लोक पुढे करतात तरी काय, या कुतूहलापोटी ती पत्रिका शिकली आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत दुसऱ्यांना शिकवू लागली.

खिडकीखाली एक लांब बाक होता आणि समोर स्टुलावर मी. बाकावर एक शिंपी, एक निवृत्त तिकीट तपासनीस आणि शाळेत चित्रकला शिकवणारी एक बाई, असे तिघे दाटीवाटीने बसत. चौथी नर्सबाईंची सून. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि घरी आली की थेट शिकायला बसे. शिकताना तीही सासूला बाईच म्हणायची.

शिकणाऱ्यांची गंमत सांगते. पहिल्या महिन्यात प्रत्येकाला स्वतःच्या पत्रिकेत नुसती दुखणी दिसत आणि दुसऱ्या महिन्यात राजयोग. घरात लिहिलेला आकडा राशीचा असतो, घराचा नसतो, हे शिंप्याच्या डोक्यात काही केल्या शिरेना. आठवे घर मृत्यूचे, एवढे मात्र त्याने पक्के ऐकलेले. त्यामुळे आठचा आकडा दिसला की हा खडू खाली ठेवायचा. तो फरक समजेपर्यंत त्याने मनातल्या मनात निम्मी गल्ली स्मशानात पोहोचवली होती.

नर्सबाईंची शिस्त कडक होती. "आधी घरं, मग राशी, मग ग्रह. सगळं मांडून झालं की ग्रह मोजायचे. नऊ भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

"बाई, नऊच भरणार ना? मोजायचं कशाला?" शिंप्याने एकदा विचारले.

"तू शर्टाला बटणं लावल्यावर मोजत नाहीस?"

"नाही बुवा."

"तरीच माझ्या मुलाच्या शर्टाला एक कमी असतं."

बाक हसला, शिंपीही हसला. तेव्हा मी नवी होते. ओला बोळा फिरवला की काळीभोर होत असे. लोक कौतुकाने म्हणत, बाईंची पाटी खोटे बोलत नाही. पाटी मुळी बोलतच नाही, हे कुणाच्या लक्षात येत नसे.

मग वर्षे गेली. सुतार गेला. माणसे येतच राहिली. त्यांचे प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले. कुणाला नोकरी हवी, कुणाला मूल हवे, पण बहुतेकांना लग्नाचेच विचारायचे असे. लग्नाचे घर सातवे. त्यामुळे बोट ठेवायचे ते सातव्यावर, खडू आपटायचा तो सातव्यावर, पुन्हा पुन्हा पुसायचे तेही सातवेच. बाकीच्या अकरा घरांपेक्षा ते एक घर जास्त झिजले. तिथला दगड खरबरीत झाला आणि खडू त्यात रुतून बसू लागला. ओल्या फडक्याने दाबून पुसले तरच ते स्वच्छ होई. नर्सबाईंना ते ठाऊक होते, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. "आता तूच बघायचंस सगळं," असे त्या सुनेला अधूनमधून म्हणत. सून लाजून हसे. तिला ते फार हवे होते.

या सुनेला एक धाकटी बहीण होती. ती पाळणाघरात मुले सांभाळायची. तिथले दिवे आणि पंखे दुरुस्त करायला एक वायरमन येत असे. चालू असलेला पंखासुद्धा तो दोनदोनदा तपासून जाऊ लागला, तेव्हा पाळणाघरातल्या आयांनाही काय ते कळले. दोघांनी आपापल्या घरी सांगितले. घरचे राजी झाले. राहता राहिली ती पत्रिका. मुलींच्या आईचा या बाबतीत हट्ट होता.

ज्या दिवशी नर्सबाई डोळ्याच्या शस्त्रक्रियेला मुलाबरोबर गेल्या, त्या दिवशी सकाळी निघण्याआधी त्यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची पत्रिका माझ्यावर मांडली होती. बिचारा गुडघ्याचे विचारायला आला होता. त्याच्या सातव्या घरात मंगळ होता, पण त्याबद्दल तो काही विचारत नव्हता आणि बाईही काही बोलल्या नाहीत. दुपारी सुनेचा फोन वाजला. पलीकडे तिची आई होती. आवाज इतका मोठा की खोलीभर ऐकू येत होता.

"मुलाची जन्मवेळ मिळाली गं. ते लोक संध्याकाळी यायचेत. पटकन बघून सांग."

"बाईंना येऊ दे ना, आई. उद्या येतील त्या."

"मग तू इतके दिवस काय गोट्या खेळत होतीस? मांड आणि सांग. मी धरून ठेवते फोन."

सुनेने ओढणीच्या टोकाने मला घाईघाईने पुसले. कोरडेच. पंचांग उघडले, गणित केले, आकडे लिहिले, ग्रह लिहिले. घाई होती, तरी मांडणी अचूक होती. वायरमनचा मंगळ तिने तिसऱ्या घरात लिहिला, आणि तो होताही तिथेच. एवढे झाल्यावर ग्रह मोजायचे होते. पण आई फोनवर थांबली होती, प्रश्न लग्नाचा होता, आणि सुनेची नजर सरळ सातव्या घरावर गेली. तिथे बेकरीवाल्याचा मंगळ पुसट, पण वाचता येईल असा बसला होता.

"आई," ती म्हणाली, "मंगळ आहे. सातव्यात."

"अगं बाई! मग?"

"मला नाही बरं वाटत. माझी बहीण आहे ती."

"मग नको म्हणून कळवते. नंतर रडण्यापेक्षा आत्ता रडलेलं बरं."

फोन बंद झाला. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड नाही याचे जेवढे दुःख झाले, तेवढे कधीच झाले नाही. सातव्या घरातल्या मंगळाला लोक घाबरतात. संसार मोडतो म्हणतात. आणि ज्याचा तो मंगळ होता, तो बेकरीवाला आयुष्यभर आपल्या बायकोबरोबर एकाच भट्टीपुढे उभा राहून पाव भाजत आला होता. एकाने पाव सरकवावा, दुसऱ्याने झेलावा, आणि दोघांनी मिळून गिऱ्हाइकांवर ओरडावे, असा त्यांचा छान चाललेला संसार होता.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई डोळ्यावर पट्टी बांधून परतल्या. सुनेने सगळे सांगितले. बाई बाकावर माझ्यापुढे बसल्या आणि उघडा डोळा जवळ आणून एकेका घरावर बोट ठेवत मोजू लागल्या. नऊवर बोट थांबायला हवे होते. ते थांबले नाही.

"सूनबाई, हा दहावा कुणाचा?"

सून वाकून बघू लागली. तिसऱ्यात मंगळ. सातव्यात मंगळ. तिचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

तिने त्याच क्षणी आईला फोन केला. आईने मुलाच्या घरी केला. पण शब्द आणि बाण एकदा सुटले की परत येत नाहीत. मुलाची आई फटकळ होती आणि तिला लागलेही होते. तिने सुनावले, "काल होता, आज नाही. उद्या पुन्हा येईल. तुमच्या ग्रहांना घर नसेल, आम्हाला आहे. असल्यांशी सोयरीक नको." मुलगा आईला समजावत राहिला, मग कंटाळला, मग त्याने नाद सोडला. पाळणाघरातले पंखे दुरुस्त करायला पुढे दुसराच कुणीतरी येऊ लागला.

धाकटी एकदाच त्या खोलीत आली. बाकावर बसली. सून तिच्या पायाशी बसून रडत होती.

"चुकलं गं माझं. दहा होते. मी मोजलेच नाहीत. मोजले असते तर..."

"ताई, आणि नऊच असते तर?" धाकटीने विचारले.

"म्हणजे?"

"त्याचा मंगळ खरंच तिथे असता तर? तर तू फोन केलाच असतास ना? आणि मग आज रडलीही नसतीस. मोडलं ते बरं झालं म्हणाली असतीस."

 सुनेने आशेने सासूकडे पाहिले. नर्सबाईंनी एवढी वर्षे एवढ्या लोकांना उत्तरे दिली होती. त्या दिवशी त्या एवढेच म्हणाल्या, "पोरी, तू बरोबर विचारलंस. हे मला कुणी आधी विचारायला हवं होतं."

त्यानंतर वर्ग भरला नाही. शिंपी दोनदा येऊन दार वाजवून गेला. सुनेने पंचांग कपाटात ठेवले आणि मला उचलून दाराच्या मागे भिंतीला टेकवले. तिथेच मी आहे. दार उघडले की त्याची कडी माझ्या चौकटीवर आपटते. कोळ्यांनी माझी काही घरे भाड्याने घेतली आहेत. मला त्याचा राग नाही. थकलेल्याला पडून राहायला मिळाले, हेही काही कमी नाही.

पण तुमच्याशी बोलायची संधी मिळाली आहे, तर एक मागणे मागते. पाटीला ओल्या फडक्याने पुसा, हे तर मी सांगेनच, सगळ्याच पाट्या सांगतात. तुम्ही उद्या मोठे व्हाल. काही जण पत्रिका शिकाल, काही जण दुसरे काही शिकाल, ज्याच्या जोरावर तुम्हाला दुसऱ्याबद्दल निकाल देता येईल. तो देण्याआधी, ज्याच्याबद्दल बोलणार आहात, त्याला एकदा हाक मारा. त्याला काय हवे आहे ते विचारा. त्या दुपारी दोघी मायलेकी फोनवर बोलत होत्या, तेव्हा धाकटी काही परगावी नव्हती. ती आईच्या शेजारच्याच खोलीत होती. फोनमधून मला तिचा आवाज ऐकू येत होता. संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्यांसाठी कपबशा किती काढू, असे ती आईला विचारत होती.