तक्रार क्रमांक एक

तक्रार-अ‍ॅपमुळे नगरपालिकेला उत्तम कारभाराचं पदक जाहीर झालं आणि साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दर सोमवारी पहाटेच्या अहवालात शिल्लक तक्रारी शून्य! अ‍ॅप लिहिणारीला बढतीचं वचन मिळालं. तिलाही स्वतःचं कौतुक वाटत होतं. का वाटू नये?

तिचे वडील तेच अ‍ॅप वापरत. दारासमोरच्या गटाराचं झाकण गेलं होतं आणि त्यांची नजर अधू. दर सोमवारी चहाच्या आधी ते तक्रार नोंदवत.

"पुन्हा पहिला नंबर! वशिला आहे बरं का आपला."

त्या गुरुवारी ते एकाच चपलेवर घरी आले. दुसरी गटारात गेली होती, गुडघा सोलवटला होता. "चपलेवर निभावलं," ते हसले. औषध लावता लावता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दर सोमवारी पहिलाच नंबर कसा?

दुसऱ्या दिवशी तिने सेटिंगची फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. चाचणीसाठी तिने मेमरीतला डेटाबेस जोडला होता. तो भलता चपळ, कारण सगळं मेमरीतच धरतो, डिस्कवर काही उतरवत नाही. यंत्र बंद करून चालू केलं की पाटी कोरी. चाचणी संपल्यावर ती एक ओळ बदलायची राहिली होती, आणि सर्व्हर तर दर रविवारी नेमाने बंद-चालू होई. दुरुस्ती विभाग यादी बघे ती सोमवारी पहाटेची. ती कोरी बघून मंडळी आठवडाभर निवांत पत्ते पिसत.

"साहेब, तक्रारी सुटत नाहीत, पुसल्या जातायत. चूक माझी आहे."

साहेबांनी आधी दार लावलं. "हळू बोल! लोक ओरडले का?"

"ओरडतात ना. पण अ‍ॅपवरच ओरडतात."

"मग झालं तर! पदक घेऊन येऊ, मग बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ राहू द्या साहेब, आधी ते गटार झाका."

साहेब ऐकण्यातले नव्हते. शनिवारी तिने सगळ्या तक्रारी डिस्कवरच्या पक्क्या डेटाबेसमध्ये उतरवल्या आणि ती ओळ बदलली. चपलेमागोमाग बढतीही गेली, हे तिला ठाऊक होतं.

सोमवारच्या अहवालात सहाशे तेरा तक्रारी निघाल्या. दुरुस्ती विभागाच्या हातातले पत्ते गळाले. पदक शेजारच्या गावाला गेलं. तिथे अ‍ॅपच नसल्याने एकही तक्रार नव्हती. साहेबांनी तिला शिक्षा फर्मावली, सगळ्या तक्रारदारांना एकेक करून फोन कर. यादीतला पहिला नंबर घरचाच होता.

"बाबा, तक्रार विभागातून बोलतेय."

"बरं झालं फोन केलास! अगं, आज माझा सहाशे चौदावा नंबर आला. वशिला संपला वाटतं."

"संपला, बाबा. माणसं झाकण घेऊन निघालीयत. ती येईपर्यंत बाहेर पाऊल टाकू नका."

"खरंच बसवणार? मग पुढच्या सोमवारी मी करू काय?"